प्रागमध्ये रस्त्यावर युरो बदलू नका: २०० युरो कसे गेले

प्राग पाहून आलेली माणसं दोन सुरांत बोलतात. कुणी म्हणतं, एवढं देखणं शहर दुसरं नाही. कुणी म्हणतं, चोरांचा बाजार, पुन्हा पाय ठेवणार नाही. दोघांचंही खरं आहे. चार्ल्स पूल आणि ओल्ड टाउन स्क्वेअर यांच्यामधल्या गर्दीत दोन्ही अनुभव येतात. आमचे २०० युरो तिथेच गेले. लिहायला लाज वाटते आहे, पण व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट करणारे आपल्याकडचे ग्रुप दर उन्हाळ्यात जातात, म्हणून लिहायलाच हवं.

मूळ घोळ चलनाचा. चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) आहे, पण चलन कोरुना. व्हिएन्नाहून ट्रेनने चार तासांत उतरलेल्या माणसाच्या पाकिटात युरोच असणार, यात त्याचा काय दोष? आणि हे तिथल्या भामट्यांना तोंडपाठ आहे.

पद्धत अशी. एक्स्चेंजच्या खिडकीवर एका युरोला २१ कोरुना, बँकेचा दर २५च्या आसपास. तुम्ही बोर्ड वाचून मागे वळलात की एक सभ्य दिसणारा माणूस येतो: "२६ देतो, कमिशन नाही." मोबाइलवर गुणाकार दाखवतो: ५,२००. मग हातात घडी घातलेल्या दोन नोटा. वर २०० कोरुनाची खरी, नारिंगी. खाली ५,०००ची, पण ती हंगेरीची फोरिंट! तिची किंमत तीनशे कोरुनांच्या आसपास. म्हणजे ५,२०० ऐवजी जेमतेम ५००. रुपयांत अठरा हजारांच्या वर गेले.

कळायला हवं होतं ते इथे: नोटांची घडी उघडायला घेतली तेव्हा तो "पोलीस, पोलीस" असं पुटपुटत आमचा हात खाली दाबत होता. प्रामाणिक माणूस पैसे मोजू देतो. तो एक क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. ती नोट नंतर शेजारी ठेवून पाहिली. ५,०००च्या दोन्ही नोटांवर दाढी-मिश्यांचे पुढारी. कोरुनावर चश्मा लावलेले मासारिक आणि 'चेस्का नारोद्नी बांका'. फोरिंटवर सेचेनी आणि 'मग्यार नेम्झेती बांक'. पहिल्यांदा गेलेल्या माणसाने हे दहा सेकंदांत कसं ओळखायचं? काहींच्या हाती तर बेलारूसच्या २०१६मध्ये बाद झालेल्या नोटा पडल्या आहेत, त्यांना शून्य किंमत.

तक्रार करायला गेलो तर पोलीस चौकीत दोन तास बसवलं, दुभाष्यासाठी. मग प्रश्न: पावती कुठे? नाव काय? पैसे तुम्हीच दिलेत ना? तो माणूस तेव्हाही त्याच कोपऱ्यावर उभा असणार, चौकीपासून चालत पोचण्याइतक्या अंतरावर. कुणी उठलं नाही. रस्त्यावर चलन बदलणं बेकायदा आहे हे आम्हालाच सुनावलं. आणि इन्शुरन्सवाले म्हणाले, हाताने दिलेत, ही चोरी धरता येत नाही! मग हप्ता कशाचा घेता?

संताप याचा की २१चा दर लावणाऱ्या त्या खिडकीवरही ४,२०० मिळाले असते, आणि तो व्यवहार मोडताही आला असता. १ एप्रिल २०१९पासून तिथे कायदा आहे: परवानाधारक एक्स्चेंजमध्ये १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून, फुकट रद्द करता येतो. पावती फेकू नका. बोर्डावरचा मोठा आकडा बहुधा ते विकतात त्या दराचा असतो. तुम्हाला लागतो तो खरेदीचा, बारीक अक्षरातला. "२०० युरोंचे हातात किती?" एवढंच विचारा आणि आकडा लिहून घ्या, मगच नोटा पुढे करा.

एटीएमवर स्क्रीन "रुपयांत घ्यायचे का?" विचारतो, तिथे नकार द्या, "विदाउट कन्व्हर्जन" दाबा. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड कोरुनात वापरलं की क्रॉस करन्सी चार्ज (दुसऱ्या चलनात खर्च केल्याचं शुल्क) लागतो, तो निघण्यापूर्वी बँकेला विचारा. ट्राम, मेट्रो आणि बहुतेक कॅफे साध्या कार्डवर चालतात, रोख फार लागत नाही. ओल्ड टाउन स्क्वेअरमधल्या प्रसिद्ध जुन्या घड्याळाखाली तासाच्या ठोक्याला सगळे वर बघतात, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात.