नऊ फुटी तयार नायलॉनचा पाग: लांबी खरी, घेर खोटा

पाग म्हणजे हाताने फेकून मासे धरायचं गोल जाळं. या तयार पागाच्या पाकिटावर ‘नऊ फूट’ छापलंय. शेंडीपासून, म्हणजे मधल्या टोकापासून, कडेच्या शिशाच्या दोरीपर्यंत टेप लावली तर २.७ मीटर भरतात, म्हणजे लांबीत लबाडी नाही. लबाडी घेरात आहे. पाग जमिनीवर सपाट गोल पसरायचा तर घेर लांबीच्या सहापटीहून थोडा जास्त हवा, म्हणजे इथे १७ मीटर. शिशाची दोरी मोजत गेलं तर साडेबारा मीटरवर संपते. त्याचं वर्तुळ जेमतेम चार मीटर व्यासाचं, झाकलेलं पाणी साडेबारा चौरस मीटर. पूर्ण घेराचा पाग तेवीसच्या आसपास झाकतो. मासे अडकायला कडेला दुमडलेले खालचे खिसे थोडी जाळी खातात, त्यामुळे पाचपट घेर असला तरी चालवून घेता येतं. साडेचारपट म्हणजे झगा झाला, पाग नव्हे.

असं का होतं, ते शिवण पाहिली की कळतं. कारखान्यात जाळ्याचे सरळ पट्टे कापून एकमेकांना जोडतात. हाताने विणणारा शेंडीपाशी मोजक्या फासांनी सुरुवात करतो आणि ठरावीक ओळींनंतर जादा फास घालत उतरतो. घेर त्या वाढीतून येतो. वाढ किती ओळींनी घालायची, हे ज्या घरात पाग विणतात तिथे सांगावं लागत नाही. जुना पाग मांडीवर घेऊन ओळी मोजल्या की झालं.

आणि ते माप घराघरांत वेगळं असतं, कारण पाणी वेगळं असतं. खारबंदिस्तीच्या उघाडीवर, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारावर, ज्यांची जागा, त्यांचा पाग आखूड आणि जड: तोंड अरुंद, ओहोटीला ओढ जबर, हलकं जाळं तळाला टेकायच्या आतच वाहून तिरकं होतं. पसरट चिखलाच्या खाडीवरचा पाग लांब आणि हलका, कारण जड शिसं चिखलात रुततं आणि ओढताना माशाऐवजी गाळ भरतो. नदीच्या कोंडात, म्हणजे खोल डोहात, टाकणाऱ्याला लांबी खोलीपेक्षा जास्तच लागते. पाग बुडता बुडता मिटत जातो, त्यामुळे पावणेतीन मीटरचा पाग तीन मीटरच्या डोहात तळाला पोचेपर्यंत छत्रीसारखा बंद झालेला असतो. जागा पिढीजात, म्हणून माप पिढीजात. (सशा-डुकरांची वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर माळ्यावर गेली ती गेलीच. पाग अजून खुंटीला आहे.) तयार पाग कोणत्याच पाण्याचं माप घेऊन बनलेला नाही, ही त्याची मूळ अडचण.

शिशाचा हिशोब तर फारच काटकसरीचा. दर १२ सेंटीमीटरला २० ग्रॅमचा एक मणी, सगळे मिळून दोन किलोच्या थोडं वर. मीटरला १७० ग्रॅम पडले. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांतल्या, शांत पाण्यात तेवढं पुरतं. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, ओढीत बोय हा मासा पाग बुडायच्या आत कडेखालून निसटते, कारण बोय वरच्या पाण्यात चालते आणि सावली पडताच उसळते. शिवाय दोन मण्यांत १२ सेंटीमीटर अंतर असलं की खडबडीत तळावर दोरी मध्ये उचलली जाते. काळुंदर मासा आणि चिंबोरी (खेकडा) तिथूनच जातात.

जाळी मात्र चांगली आहे. एका डोळ्यात, म्हणजे जाळीच्या एका भोकात, दोन्ही अंगठे घालून ताणलं तरी गाठ सरकत नाही. स्वस्त पागांत ती हमखास सरकते आणि पंधरवड्यात लहान-मोठे डोळे दिसू लागतात. डोळा २५ मिलिमीटर, ताणून मोजलेला. बोयीला ठीक, बारीक कोळंबी गळून जाते. मोजण्याची पद्धत विचारूनच घ्या, कारण काही पाकिटांवर शेजारच्या दोन गाठींमधलं अंतर छापतात आणि तोच आकडा ताणल्यावर दुप्पट होतो. एकतंतू नायलॉन चिखल धरत नाही, पटकन बुडतं. पण कालवांच्या खडपावर टाकू नका, तिथे शिंपल्याच्या धारेपुढे त्याचं काही चालत नाही.

हातात धरून ओढायची दोरी पहिल्याच दिवशी बदला. चार मीटरची, सुतळीएवढी जाड दोरी भरलेला पाग ओढताना तळहात कापते, आणि काठावरून टाकायला अपुरी पडते. सात मीटर लांब, सहा ते आठ मिलिमीटर जाड वेणीची दोरी बांधा. मनगटाचा फास आवळत जाणारा नको. ओढीत पाग तिवराच्या मुळांत अडकला तर हात सोडवता आला पाहिजे.

नवं नायलॉन घडीची सवय धरून बसतं आणि हवेत नीट उघडत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून शेंडीने रात्रभर टांगा, शिशाच्या वजनाने घड्या सुटतात. कढत पाणी घातलं तर गाठी बिघडतात. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ताग-सुताच्या पागाला ऐनाच्या सालीचा रंग द्यावा लागे, नाहीतर तो कुजे. नायलॉन कुजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होतं, आणि उंदीर दोन्हींना सारखेच.

शिकणाऱ्याला हा पाग घ्यायला हरकत नाही. घेर लहान असल्याने हातात लवकर बसतो. उघाडीवर टाकणाऱ्याने घ्यायचा तर आधी शिसं वाढवा. प्रत्येक दोन मण्यांच्या मध्ये १२ ग्रॅमचा एक, असे शंभरेक मणी बसवले की वजन सव्वातीन किलोवर जातं, मीटरला २६० ग्रॅम. मणी नवे आणायची गरज नाही. घरातल्या फाटक्या पागाचे उतरवा. जाळं बदलतं, शिसं आजोबांचंच राहतं. मणी दाबून बसवल्यावर कडेवरून जुनं सुती फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे धार राहिलीय, ती जाळी कापणार. जुन्या शिशावरची पांढरी पूड ओल्या कापडाने पुसा, कोरडी घासू नका. आणि टाकताना कड दातांत धरायची सवय असेल, तर शिशाच्या चार बोटं वर, जाळीच धरा.