परदेशात धर्मावरून छळ: निषेध बरा की आसरा?

भाचीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी बाजू निवडायचीये, दुसऱ्या देशात कुणाचा धर्मावरून छळ होत असेल तर सरकारने निषेध करावा की आसरा द्यावा. फोनवर तिला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय.

निषेधवाल्यांचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिका. १९९८ चा कायदा आहे त्यांचा, दरवर्षी रिपोर्ट काढायचा, जास्त छळ करणाऱ्या देशांची यादी लावायची आणि यादीत नाव आलं की निर्बंध घालता येतात. घालता येतात, घालतातच असं नाही, खरी मेख तिथे आहे. सौदी अरेबिया २००४ मध्ये यादीत गेला पण राष्ट्रहिताचं कारण देऊन त्याला सूट, तेलवाल्याला कोण दुखावणार. पाकिस्तान २०१८ ला यादीत आला, त्यालाही सूट. आणि याच कायद्याने आणलेल्या तरतुदीवरून २००५ मध्ये नरेंद्र मोदींना व्हिसा नाकारला होता, २०१४ ला ते पंतप्रधान झाल्यावर पायघड्या. तरी दबाव अगदीच फुकट म्हणणार नाही मी, सोव्हिएत ज्यूंसाठी १९७४ च्या व्यापार कायद्यात अट होती, लोकांना देश सोडू द्या तरच सवलत, म्हणजे मागणी मोजता येण्यासारखी तरी होती.

कोर्टात जाणं हा तिसरा रस्ता. म्यानमारमधल्या रोहिंग्या मुस्लिमांसाठी म्यानमारवर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात केस टाकली ती गांबियाने, एवढासा आफ्रिकन देश! २०२० ला अंतरिम आदेश मिळाला पण बांगलादेशातल्या कॅम्पमधली माणसं त्याने घरी गेली नाहीत.

आता आसरा. पाकिस्तानातली आसिया बीबी, शेतमजूर ख्रिश्चन बाई, पाण्यावरून भांडण झालं आणि ईशनिंदेसाठी २०१० मध्ये फाशीची शिक्षा. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच बॉडीगार्डने मारलं. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सोडलं तर रस्त्यावर दंगा, बाहेर पडायची सोय नाही. मे २०१९ मध्ये ती कॅनडात पोचली. गंमत म्हणजे कॅनडाने धर्मस्वातंत्र्यासाठी २०१३ मध्ये खास ऑफिस उघडलं होतं ते २०१६ लाच बंद केलेलं, म्हणजे पाटी काढली पण दार उघडं ठेवलं. मला हेच पटतं, बाई जिवंत आहे ना.

आपल्याकडे सीएए, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायदा, २०१९ चा, नियम यायला मार्च २०२४ उजाडला. यातून नागरिकत्व मिळतं ते पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना, तेही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. नागपूरला जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत, वर्षानुवर्षं व्हिसा वाढवत राहणं म्हणजे काय ते त्यांना विचारा, त्यांच्यासाठी हा कागद लाखमोलाचा. पण जो अजून तिकडेच अडकलाय किंवा २०१५ ला आला त्याला यातून काही नाही.

तर भाचीला म्हटलं आसऱ्याची बाजू घे, फक्त समोरचा अहमदियांचं विचारणार हे धरून चाल, स्वतःला मुस्लिम मानणारा हा पंथ, पाकिस्तानात त्याचाही छळ होतो पण सीएएत तो नाही. सरकार म्हणतं ते मुस्लिम, मुस्लिम देशात अल्पसंख्य कसे? पण पाकिस्तानच्या घटनेनेच १९७४ पासून त्यांना बिगरमुस्लिम ठरवलंय. यावर पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, तिला सापडलं तर मलाही ऐकायचंय.