कार्डियाक वॉर्ड की नर्सिंग कॉलेज? बडोद्यातल्या सिस्टरांसाठी

सीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग) किंवा कॅथ लॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी होते) काही वर्षं काढलेल्या सिस्टरांना कॉलेजची नोकरी खुणावते ती बहुतेक वेळा नाइटला कंटाळून. कारण रास्त आहे, पण आधी आपली पदवी बघा. जीएनएमवर, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमावर, थेट शिकवता येत नाही, दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी हवंच. बीएस्सी आणि एक वर्षाचा अनुभव असेल तर ट्यूटर म्हणून लागता येतं. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर दोन वर्षांचं एमएस्सी आणि शिकवण्याचा अनुभव लागतो. बऱ्याच जणींचा हिशेब इथे चुकतो, कारण सीसीयूतली वर्षं क्लिनिकल अनुभवात धरतात, शिकवण्याच्या नाही. वॉर्डातली सीनियर कॉलेजात ज्युनियर होते आणि नाइटचा भत्ताही जातो.

वेळ कॉलेजात नक्कीच बरी. मात्र विद्यार्थिनींचं पोस्टिंग असेल त्या दिवशी सकाळच्या शिफ्टला तुम्हीही वॉर्डात उभ्याच. लेसन प्लॅन, लॉगबुक, इंटर्नल मार्क आणि इन्स्पेक्शनच्या फायली संध्याकाळी घरी येतात.

खरा फरक कामाच्या जातीत आहे. उदाहरणार्थ ईसीजी. वॉर्डात लीड (छातीवर चिकटवायच्या वायरी) लावताना तुमचे हात आपोआप चालतात. नवखी विद्यार्थिनी व्ही-१ आणि व्ही-२ या पहिल्या दोन लीड हमखास बरगड्यांमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावते, कारण ती वरून अंदाजाने मोजते. एवढ्यानं रिपोर्टमध्ये नसलेला जुना अटॅक दिसू शकतो. वॉर्डात तुम्ही न बोलता लीड खाली सरकवता आणि पुढच्या बेडकडे जाता. कॉलेजात तिच्या बोटाला स्टर्नमवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) उंचवटा शोधायला लावायचा: तिथे दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, आणखी दोन उतरलं की चौथी, व्ही-१ आणि व्ही-२ ची खरी जागा. मग व्ही-४ आधी आणि व्ही-३ नंतर, कारण व्ही-३ बसते व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध. हेच पुढच्या बॅचला पहिल्यापासून, न वैतागता. यात ज्यांना मजा येत नाही त्यांनी वॉर्ड सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत. दुसरी अडचण भाषेची. पेशंटशी गुजराती-मराठीत छान निभतं, पण लेक्चर आणि पेपर इंग्रजीत.

मधला मार्गही आहे. मोठ्या खासगी हॉस्पिटलांत नव्या स्टाफला तयार करणारी एज्युकेटर सिस्टर असते. त्यात शिकवण्याची सवय होते आणि हातही चालू राहतो. कॉलेजसाठी मात्र तो अनुभव धरतील का, हे आधी विचारून घ्या.

राजीनाम्याआधी अनुभवाच्या दाखल्यावर विभाग आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या, गुजरात नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना बघा. आणि मुलाखतीला गेलात की स्किल लॅब (सरावाची खोली) दाखवा म्हणा. काही कॉलेजं फॅकल्टीसारखी लॅबही कागदावरच ठेवतात. ईसीजी मशीनमध्ये कागदाचा रोल आहे का, मॅनिकिनची (सरावाच्या पुतळ्याची) छाती दाबल्यावर ५ सेंटिमीटर खाली जाते का, हे हात लावून तपासा.