जुन्या पिकअपचं 4x4 चं काम: दिवा लागला म्हणून पोरांना घेऊन नाल्यात उतरलो

नागपुरात जुनी पिकअप घेऊन घरच्यांसोबत कच्च्या रस्त्याने फिरायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो. लांब होईल पण पूर्ण वाचा.

माझी गाडी टाटा झेनॉन, डबल केबिन, 2.2 डायकॉर डिझेल इंजिन, 4x4 (लावली की चारही चाकांना ताकद जाते), 2012 ची, एमएच 36 पासिंग. भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती, चेसिस सरळ, इंजिन दमदार. आत आम्ही पाच जण आरामात बसतो, सामान मागे हौद्यात. खिंडसी, मकरधोकडा, एकदा तामियाकडून पातालकोटपर्यंत जाऊन आलो, पोरांना ही गाडी एवढी आवडते की ते कारमध्ये बसायलाच तयार होत नाहीत. सासुरवाडी पारशिवनीकडे आहे, शेतात जायचं तर शेवटचा दीडेक किलोमीटर पांदण रस्ता, पूर्ण काळी माती, पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल आत राहते. त्याच्यासाठीच तर 4x4 घेतली होती.

मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसले होते, शॉकअप गळत होते, टायर झिजले होते आणि 4 लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गियर, कधी लागायचं कधी नाही. 4 हाय, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या स्पीडला, मात्र बरोबर लागत होतं, हे लक्षात ठेवा, पुढे येते.

ओळखीतल्या एकाने गॅरेज सांगितलं. नाव आणि एरिया लिहीत नाही कारण मॅटर ग्राहक आयोगात आहे. माणूस बोलायला इतका गोड, गाडीखाली स्वतः झोपून टॉर्च मारून सगळं दाखवलं, आणि मग म्हणाला, "भाऊ, फॅमिलीची गाडी आहे ना, मंग काम बी तसंच करून देतो, माह्या घरी बी लेकरं आहेत." इथेच मी फसलो. एस्टिमेट सांगितलं 1 लाख 40 हजार, त्यात दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), नवे पाटे, चार गॅसचे शॉकअप, चार ऑल टेरेन टायर आणि ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या डब्याचं, काम. एस्टिमेट कागदावर नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर. सामान दिल्लीवरून मागवावं लागते म्हणून 80 हजार अ‍ॅडव्हान्स घेतला, तो पण तीन वेगवेगळ्या नंबरवर, एक त्याचा, एक भाच्याचा, एक अजून कोणाचा तरी, म्हणे माझ्या अकाउंटची लिमिट संपली.

तीन आठवड्यांत देतो म्हणाला होता, अडीच महिने लावले. मध्ये दोनदा गेलो तर गाडी जॅकवर, चाकं काढलेली, आणि उत्तर ठरलेलं, पार्सल अडकलं. गाडी उघडून ठेवलेली असली की आपण काही करू शकत नाही, टो करून नेली तरी कुठे नेणार. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला फोन, गाडी तयार आहे घेऊन जा. त्याला माहीत होतं आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं आहे, मीच कौतुकाने सांगितलं होतं. अंधार पडलेला, पाऊस भुरभुर चालू, गाडी धुवून चकाचक उभी, समोर एक मोठा लोखंडी बंपर पण लावून ठेवलेला जो मी सांगितलाच नव्हता, म्हणे माझ्याकडून गिफ्ट. त्याने नॉब फिरवला, डॅशबोर्डवर 4x4 चा दिवा लागला, पाहा म्हणाला भाऊ एका झटक्यात लागते आता. मी दिवा पाहिला आणि उरलेले 52 हजार देऊन टाकले. वाटाघाट करून 1 लाख 32 हजारांत जमवलं म्हणून मला तर बरंच वाटलं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी निघालो, आई पुढे, बायको आणि दोघं पोरं मागे, हौद्यात दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचे दोन लाकडी नंदी गोणपाटात बांधलेले. हायवेला गाडी थोडी डावीकडे ओढत होती, मला वाटलं नवीन टायर आहेत, बसतील. पांदणीत एक नाला लागतो, पाणी जेमतेम घोट्याच्या वर होतं. थांबलो, नॉब 4 लो वर, दिवा लागला, उतरलो. मागची चाकं जागेवरच गरगर फिरली आणि गाडी आडवी होऊन डाव्या बाजूने रुतली, मागचं चाक हबपर्यंत आत. आईच्या हाताने हँडल इतकं गच्च धरलेलं की तिला उतरवताना बोटं सोडवावी लागली. रामटेकच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं, वरून पाणी वाढलं असतं तर काय झालं असतं हे मला अजून रात्री आठवते.

पोळ्याला बैल कोणी जुंपत नाही, म्हणून साळ्याने ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरवरचा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, मी एक्सलेटर देत होतो आणि तो बाजूला उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "भाऊजी, तुमचे पुढचे चाकं तं फिरूनच नाही राहिले." अडीच महिने आणि 1 लाख 32 हजारांत जे मला कळलं नाही ते त्या पोराला एका मिनिटात दिसलं.

गाडी निघाल्यावर शेतातच ताडपत्री टाकून खाली झोपलो. शॉकअप पिवळेधमक, स्टिकर लावलेले. पण उजव्या बाजूच्या मागच्या शॉकअपवर एक चपटा पोचा होता, अंगठ्याएवढा, आणि तो पोचा मी ओळखतो, पातालकोटच्या उतारावर दगड लागून पडलेला, माझ्यासमोर. म्हणजे माझाच जुना शॉकअप रंगवून परत मला विकला. पाट्यांवर कापड डिझेलमध्ये भिजवून घासलं तर काळा रंग कापडावर आला आणि खाली गंज.

नागपूरला परत येऊन वाडीला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली, ट्रकवाले जातात त्यांच्याकडे. त्यांनी आधी गाडी चारही चाकं हवेत करून स्टँडवर घेतली, 4 हाय लावून पहिला गियर टाकला, मागची चाकं फिरली, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, हललाही नाही. ट्रान्सफर केसवर जी छोटी मोटर असते, नॉब फिरवला की जी 4x4 लावते, ती जागेवर नव्हतीच. तिथे पत्र्याचा तुकडा आणि सिलिकॉन. आणि डॅशबोर्डच्या मागे एक फूटभर लाल वायर, काळी टेप गुंडाळलेली, नॉबवरून सरळ दिव्याला. म्हणजे 4 हाय माझं चालू होतं ते पण गेलं, मोटर काढून कोणाला तरी विकली असणार आणि मला फक्त दिवा दिला.

लिफ्ट किट नावाची गोष्ट नव्हतीच. पुढून सस्पेन्शनचे बोल्ट कसून गाडी उचललेली. असं केलं की गाडी उंच दिसते पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही, वरचा बॉल जॉइंट आणि एक्सल तिरपे चालतात, माझ्या एक्सलवरचं एक रबरी कव्हर फाटून ग्रीस रिमच्या आतून उडालेलं होतं. मागून एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा, आणि त्या ठोकळ्याला पाट्याच्या सेंटर बोल्टचं मुंडकं बसायचं भोकच नाही. मिस्त्रीचाचांनी बोटाने दाखवलं, एक्सल इथून सरकायला लागला आहे, म्हणूनच गाडी ओढत होती. एक्सल फक्त यू-बोल्टच्या आवळण्यावर थांबला होता आणि त्याच्यावर मी मनसर रोडने 80 ने पोरांना घेऊन गेलो होतो. माझा खरा राग पैशांसाठी नाही, याच्यासाठी आहे.

टायरचं पण सांगून देतो. टायरवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारा कोड लिहिलेला असते, त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. पूर्ण कोड बरेचदा एकाच बाजूला असतो, आणि माझ्या चारही टायरला ती बाजू आत ठेवून बसवलेली. 3715, म्हणजे 2015 चा 37 वा आठवडा. झिजलेल्या टायरच्या गोट्या (नक्षी) परत कोरलेल्या आणि वरून काळं पॉलिश.

गॅरेजला गेलो तर तोच गोड माणूस एकदम बदलला. "जा ना आरटीओत, आधी तुमचाच बंपर काढतील अन् दंड तुमाले लागन." आणि हे त्याचं खरं होतं, गिफ्ट कशाला दिलं ते मला तेव्हा समजलं. असल्या लोखंडी बंपरवर, म्हणजे बुलबारवर, डिसेंबर 2017 पासून केंद्राची बंदी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने पण 2019 मध्ये हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एका एका बदलाला मालकाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्ही पण होऊ शकतात. या लोकांना पक्कं माहीत असते की मॉडिफिकेशन करणारा माणूस तक्रार करायला घाबरतो, त्यांचा सगळा धंदा त्या भीतीवर चालते.

माझा मामेभाऊ वकील आहे, त्याने डोकं शांत केलं. म्हणाला शॉकअप, पाटे, मोटर ही दुरुस्ती आहे, आल्टरेशन नाही, पैसे घेऊन काम केलं नाही हा सरळ सेवेतला दोष आहे. बंपर आणि ठोकळे आधी फोटो-व्हिडिओ घेऊन काढून टाकले, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, उपयोग झाला नाही तेव्हा नोटीस देऊन सिव्हिल लाईन्सला जिल्हा आयोगात केस केली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, हे खूप लोकांना माहीतच नाही. माझ्याकडे बिल नाही, कामी येऊन राहिल्या त्या व्हॉइस नोट, ज्या मी नशिबाने डिलीट केल्या नव्हत्या. तीन नंबरवर पाठवलेले पैसे त्यालाच मिळाले हे सिद्ध करता करता मात्र नाकी नऊ आले.

तुम्ही काम देणार असाल तर गाडी देताना प्रत्येक जुन्या पार्टवर खिळ्याने खूण करून ठेवा, फोटो काढा, आणि काढलेले जुने पार्ट परत मागा, देत नसेल तर समजून जा. पैसे गॅरेजच्याच खात्यावर, जीएसटी बिलाशिवाय एक रुपया नाही. डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या, 4x4 चाकं हवेत करून पुढचा शाफ्ट फिरताना डोळ्याने पाहा, आणि पहिल्यांदा एकटे चालवा, घरचे नंतर.

मिस्त्रीचाचांनी जुन्या पाट्यांना दोन नव्या पात्या घालून, कंपनीच्या शॉकअपवर गाडी ओरिजिनल उंचीला आणली, टायर दारावरच्या स्टिकरच्या साइझचेच घेतले, एकूण 61 हजार लागले पण बिलासकट. मोटर अजून मिळाली नाही. कोणाकडे 2.2 झेनॉनच्या ट्रान्सफर केसची चालू मोटर असेल तर सांगा, गाडीला लावून, शाफ्ट फिरलेला पाहूनच घेईन.