गिफ्ट कार्ड घ्यायचंय : सेल्फ-चेकआउट बरं की कॅशियरचा काउंटर?

मे महिना लागला की इथे अमेरिकेत आपल्या घरांमध्ये पाकिटं भरायला सुरुवात होते. मुलांच्या शिक्षकांचा आभार-आठवडा, मग ग्रॅज्युएशनच्या पार्ट्या, मग सुट्टीत उरकून घेतलेल्या मुंजी आणि वास्तुशांती. पूर्वी पाकिटात नोट जायची, आता बहुतेक वेळा गिफ्ट कार्ड जातं. किराणा घ्यायला गेलो की स्टँडवरून कार्ड उचलायचं, दुधा-ब्रेडबरोबर सेल्फ-चेकआउटच्या मशीनवर स्वतःच स्कॅन करायचं आणि निघायचं, असं आपण सगळेच करतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता करत नाही, निदान सरसकट नाही.

घाईत असाल तर आधीच सांगतो. एखाद्या दुकानाचं किंवा कॉफीचं २०-२५ डॉलरचं कार्ड असेल आणि ते उलटसुलट नीट बघायची तुमची तयारी असेल, तर सेल्फ-चेकआउट चालेल. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा शिक्का असलेलं, कुठेही चालणारं कार्ड असेल किंवा रक्कम शंभराच्या पुढे असेल, तर काउंटरच्या रांगेत उभे राहा. आणि कार्ड विकत घेणारी व्यक्ती या देशात नवीन असेल किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील, तर रक्कम कितीही असो, काउंटरच.

आता कारणं. स्टँडवर लटकलेलं कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक असतं, त्यात एक सेंटही नसतो. ते स्कॅन करून पैसे भरले की दुकानाच्या यंत्रणेकडून कार्ड चालवणाऱ्या कंपनीला निरोप जातो : अमुक क्रमांकाच्या कार्डावर एवढे डॉलर चढवा. ब्लॅकहॉक नेटवर्क आणि इनकॉम ही या धंद्यातली दोन मोठी नावं. निरोप पोचला की कार्ड चालू होतं. हा निरोप मशीनवरून गेला काय आणि कॅशियरच्या गल्ल्यावरून गेला काय, एकच. त्यामुळे ‘मशीनवर घेतलेलं कार्ड कधीकधी चालत नाही’ असं जे ऐकू येतं, त्यात मशीनचा दोष क्वचितच असतो. फरक पडतो तो स्कॅन होण्याआधी कार्ड कोणी डोळ्यांखालून घातलं, यात.

वेळेचं म्हणाल, तर मशीनवर वेळ वाचतो ही समजूत गिफ्ट कार्डाच्या बाबतीत फारशी खरी नाही. परवाच्याच शनिवारी केळी वजन करून झाली, दूध पिशवीत गेलं, कार्ड स्कॅन केलं आणि डोक्यावरच्या खांबावरचा दिवा लुकलुकायला लागला. देखरेखीला एकच मुलगी, आणि ती चार मशीन पलीकडे कुणाच्या तरी बिअरसाठी ओळखपत्र तपासत होती. ती आली, स्वतःचा बिल्ला टेकवला, पडद्यावर दोन बटणं दाबली आणि गेली. कार्डाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच दुकानांत गिफ्ट कार्डासाठी अशी परवानगी लागते, काही ठिकाणी मशीनवर ठरावीक रकमेच्या पुढचं कार्ड घेताच येत नाही. टार्गेटने मार्च २०२४ पासून बहुतेक दुकानांत सेल्फ-चेकआउटवर दहाच वस्तूंची मर्यादा घातली, म्हणजे आठवड्याच्या किराण्याबरोबर तिथे कार्ड उरकणं तसंही होत नाही. पाच शिक्षकांसाठी पाच कार्डं घ्यायची असतील आणि दर कार्डाला मशीन थांबत असेल, तर काउंटरची रांग लवकर संपते.

एका बाबतीत मात्र मशीन मला मनापासून आवडतं. आपल्याकडे आहेर ५० किंवा १०० असा शून्यावर संपवत नाहीत, वर एक लागतोच. काही कार्डांवर रक्कम आधीच छापलेली असते, तिथे इलाज नाही. पण ज्या कार्डावर २५ ते ५०० च्या मधली कुठलीही रक्कम भरता येते, ते मशीनवर स्कॅन केलं की पडदा विचारतो, किती? आपण निवांत ५१ टाकायचे. काउंटरवरही हे होतं, पण ‘फिफ्टी-वन’ असं दोनदा सांगावं लागतं आणि मागचा माणूस घड्याळ बघत असतो.

आता जिथे खरी मेख आहे तिथे येतो. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनला मी १०१ डॉलरचं कार्ड दिलं, मशीनवरच घेतलेलं. तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “भावजी, राग मानू नका, पण ते कार्ड चाललं नाही हो.” आहेराबद्दल तक्रार कशी करायची, म्हणून त्या तीन आठवडे गप्प बसल्या होत्या. कार्ड परत आणून खिडकीच्या उजेडात धरलं तेव्हा दिसलं : पाकिटाच्या मागच्या बारकोडवर तंतोतंत तसाच दुसरा बारकोड चिकटवलेला होता. एक कोपरा नखाएवढा उचलला गेला होता. मी स्कॅन केलं होतं ते चोराच्या कार्डाचं लेबल, पैसे गेले त्याच्या कार्डावर, आणि हातातलं कार्ड कोरंच राहिलं. पावतीवरचे शेवटचे चार आकडे आणि कार्डावरचे शेवटचे चार आकडे वेगळे होते. दुकान म्हणालं कार्ड कंपनीला फोन करा, कार्ड कंपनी म्हणाली दुकानात विचारा. दीड महिन्याने पैसे मिळाले, ते केवळ पावती जपून ठेवली होती म्हणून.

चोरीचा दुसरा प्रकार याहून बेमालूम असतो. स्टँडवरून कार्डं उचलून न्यायची, पाकीट सफाईने उघडून क्रमांक आणि पिन टिपून घ्यायचे, पिनवरची खरवडायची पट्टी नवी चिकटवायची, पाकीट बंद करून पुन्हा स्टँडवर लावायचं. मग संगणक त्या क्रमांकाची शिल्लक तपासत बसतो. तुम्ही पैसे भरलेत की काही वेळात कार्ड रिकामं. हा उद्योग इतका पसरला की अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने, होमलँड सिक्युरिटीने, ‘प्रोजेक्ट रेड हुक’ नावाची वेगळी मोहीम उघडली. मेरीलँडने २०२४ मध्ये या विषयावर कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिलाच. १ जून २०२५ पासून तिथे दुकानातली बहुतेक गिफ्ट कार्डं छेडछाड कळून येईल अशा सुरक्षित वेष्टणात विकावी लागतात आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही द्यावं लागतं.

मग कॅशियर हे पकडतो का? नेहमी नाही, गर्दीच्या वेळी तोही यंत्रासारखाच स्कॅन करतो. पण त्याच्या हाताखालून दिवसाला पुष्कळ कार्डं जातात, आणि जाड लागणारा बारकोड किंवा फुगलेला गोंद बोटांना कळतो. तुम्ही स्वतः म्हणालात, “जरा हे पाकीट बघता का?” तर तो बघतो. मशीनला हे सांगता येत नाही, तिथे बघणारे तुम्हीच. तेव्हा मशीनवर घेणार असाल तर अर्धं मिनिट द्या : बारकोडच्या कडेवरून नख फिरवा, पाकिटाच्या चारही कडा दाबून पाहा, पिनची पट्टी तिरकी किंवा सुरकुतलेली नाही ना ते बघा. शंका आली तर कार्ड स्टँडवर परत ठेवू नका, कर्मचाऱ्याच्या हातात द्या. तुमच्यानंतर दुसरं कुणीतरी ते उचलणारच असतं.

काउंटरच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र याहून वेगळा आहे. तिथे माणूस असतो, आणि माणूस विचारू शकतो की एवढी कार्डं कशाला घेताय?

माझं लहानपण ठाणे जिल्ह्यात गेलं, म्हणून ऑक्टोबर २०१६ ची ती बातमी मी विसरू शकत नाही. मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापा घातला आणि शेकडो मुला-मुलींची चौकशी झाली, ७० जणांना अटक झाली. ती मुलं रात्रभर फोनवर अमेरिकन आयकर खात्याचे, म्हणजे आयआरएसचे, अधिकारी बनून इथल्या लोकांना धमकावत होती. कर थकलाय, अर्ध्या तासात पोलीस येतील, वाचायचं असेल तर दुकानात जा, आयट्यून्सची कार्डं घ्या आणि मागचे आकडे वाचून दाखवा. आकडे वाचले की पैसे गेले. कार्ड हातात असूनही कोरं.

ती कॉल सेंटरं बंद झाली, धंदा बंद झाला नाही. २०२३ या एका वर्षात गिफ्ट कार्डांवाटे फसवल्याच्या ज्या तक्रारी अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण खात्याकडे, एफटीसीकडे, आल्या, त्यांतला तोटा २१ कोटी ७० लाख डॉलरचा होता. आणि हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचं. आपली नुकतीच आलेली विद्यार्थी मुलं यात सहज सापडतात, कारण व्हिसा रद्द होईल हे वाक्य ऐकलं की त्यांची झोप उडते. फसवणारा फोन ठेवू देत नाही, एका दुकानात सगळी कार्डं घेऊ नका, चार दुकानं फिरा म्हणतो. कॅशियरने विचारलंच तर भाच्याच्या वाढदिवसाला आहेत म्हणून सांगा, हेही शिकवतो. अशा घाबरलेल्या माणसाला मशीन किती सोयीचं! तिथे कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, कानाला फोन तसाच ठेवून कार्डावर कार्ड स्कॅन करता येतं.

याच कारणाने २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलांच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांच्या, पुढाकारानंतर वॉलमार्ट, टार्गेट आणि बेस्ट बाय यांनी कार्डांवरची कमाल रक्कम खाली आणली आणि कर्मचाऱ्यांना असे ग्राहक ओळखायला शिकवायचं मान्य केलं. अनेक राज्यांत स्टँडजवळ इशाऱ्याची पाटीही लावावी लागते. पण पाटी आणि माणूस यांत अंतर आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या हातात ५०० डॉलरची दोन कार्डं होती. काउंटरवरच्या साठीच्या बाईंनी ती स्कॅन करायच्या आधी हात थांबवला आणि विचारलं, “बाळा, फोनवर कोण आहे?” तो तिथेच रडायला लागला. हजार डॉलर वाचले, ते त्या प्रश्नामुळे.

सरकारचं कुठलंही खातं गिफ्ट कार्डांत पैसे घेत नाही. आयआरएस नाही, इमिग्रेशन नाही, पोलीस नाहीत. आई-बाबांना विमानतळावरून घरी आणतानाच गाडीत हे सांगून ठेवावं. आणि आकडे वाचून झालेच असतील, तर लाजेने गप्प न बसता त्याच क्षणी कार्डामागच्या क्रमांकावर फोन करावा, कार्ड आणि पावती जपून ठेवावी आणि एफटीसीकडे तक्रार नोंदवावी. पैसे अजून कुणी काढले नसतील तर गोठवता येतात.

पैसे कसे भरायचे, यानेही निवड बदलते. बरीच मशीन रोख घेत नाहीत, रोखीवाल्याला काउंटरशिवाय गत्यंतर नाही. उलट काही दुकानं क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्ड देत नाहीत, तेव्हा स्कॅन करून मग अडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. किराण्यावर जास्त गुण, म्हणजे रिवॉर्ड पॉइंट, देणाऱ्या क्रेडिट कार्डाने सुपरमार्केटातून गिफ्ट कार्डं घ्यायची ही युक्ती आपल्या लोकांत सगळ्यांना पाठ आहे. क्रोगरसारख्या दुकानांत तर ठरावीक दिवशी गिफ्ट कार्डांवर पेट्रोलवर सवलत देणारे चौपट गुण मिळतात. त्याला मशीन आणि काउंटर सारखेच, फक्त सदस्य क्रमांक आधी टाकायचा आणि कूपन अ‍ॅपमध्ये आधी चढवायचं. मात्र काही क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या अटींत गिफ्ट कार्डांची खरेदी नव्या कार्डाच्या बोनससाठी धरत नाहीत, हे वाचून घ्या.

व्हिसा-मास्टरकार्डवाल्या कार्डांवर साधारण चार ते आठ डॉलर खरेदी शुल्क लागतं. २५ डॉलरच्या आहेरावर पाच डॉलर शुल्क मला तरी पटत नाही, त्यापेक्षा नोट द्यावी. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला हे शुल्क नसतं. विक्रीकर कुठल्याच गिफ्ट कार्डावर लागत नाही, तो पुढे वस्तू घेताना लागतो. कार्डावरची रक्कम निदान पाच वर्षं बाद होत नाही आणि वापर नसल्याचं शुल्क पहिल्या बारा महिन्यांत लावता येत नाही, असा देशभराचा कायदा आहे. ही सगळी कलमं दोन्हीकडे सारखी. पावती मात्र काउंटरवर चांगली मिळते. दर कार्डाची वेगळी पावती मागितली तर बहुधा मिळते, आणि पाकिटात कार्डाबरोबर ती घालता येते. वहिनींसारख्या माणसांना मग तीन आठवडे संकोच करत बसावं लागत नाही.

देणं लांबचं असेल तर मी दोन्ही सोडून ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवरून ई-कार्ड पाठवतो. स्टँड नाही, तर स्टिकर नाही. हातात द्यायला काही नसतं आणि ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडते, एवढाच त्रास. रेस्टॉरंटची कार्डं हवी असतील तर कॉस्टको बघा, तिथे १०० डॉलरची कार्डं बऱ्याचदा ८० च्या आसपास मिळतात.

भारतात न्यायचं असेल, तर मात्र इथल्या स्टँडकडे फिरकूच नका. परतीच्या बॅगा भरताना आई भाचरांसाठी कार्डं उचलायला निघते तेव्हा मला दर वर्षी तिला थांबवावं लागतं. अमेरिकेतलं अ‍ॅमेझॉनचं कार्ड भारतातल्या अ‍ॅमेझॉनवर चालत नाही, अ‍ॅपलचंही कार्ड त्या-त्या देशापुरतंच असतं. त्यापेक्षा तिथल्याच साइटवरून तिथलंच कार्ड घ्यावं. बँकेचं गिफ्ट कार्ड घेणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका कार्डावर १०,००० रुपयांपर्यंतच भरता येतात, आणि मग वरचा एक रुपया हवाच असेल, तर ९,००१ चं कार्ड करावं लागतं.