कॅसेट-टू-यूएसबी प्लेअर : आठ महिन्यांनंतर दोन तारे कमी

हा प्लेअर आला त्याच आठवड्यात मी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. आता त्यातले दोन परत घेतोय, कारण हा पठ्ठ्या पळतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली तेव्हापासूनचा हा वेग. माझ्याकडे ती तीन टक्के जास्त धावत होती, आणि हे कळायला मला पाच महिने लागले.

बाकीचं झटपट. वायर आखूड आहे. सोबतचं सॉफ्टवेअर गाणी आपोआप वेगळी करतं म्हणे; प्रत्यक्षात गाणारा श्वास घ्यायला थांबला की तिथेच कात्री चालवतं. सरळ ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खातं, तेवढी तयारी ठेवा. बटणं खटकन दाबली जातात, ते मात्र छान.

तर तो वेग. मावशीने तरुणपणी म्हटलेलं एक गाणं घरगुती टेपवर होतं. ते उतरवून घरच्या ग्रुपवर टाकलं. चार मिनिटांचं गाणं, आणि पहिलं बदाम विसाव्या सेकंदाला हजर! 'काय ते दिवस होते' असं लिहिणाऱ्यांत एक असा भाचा होता, ज्याने कॅसेट हातात धरलेली नाही. मागे हसतंय कोण यावर दोन मामांची जुंपली. मी खूश. मशीन म्हणजे सोनं, असं सगळ्यांना सांगत सुटलो.

पुढे कधीतरी दुसऱ्या भाच्याने लिहिलं, "सूर पेटीवर कुठेच बसत नाही, काळी आणि पांढरीच्या मधोमध अडकतोय." त्याच्यावर सगळे तुटून पडले. आठवणीतही चुका काढतोस, शिंग फुटली का, वगैरे. मीही एक हसरा चेहरा टाकून त्या गर्दीत सामील झालो, कबूल करतो. रात्री मात्र झोप येईना. विकतची एक कॅसेट लावली आणि तेच गाणं फोनवर ऐकलं. फोनवर बरोबर चार मिनिटं, माझ्या प्लेअरवर तीन मिनिटं त्रेपन्न सेकंद.

कंपनीच्या सेवा केंद्राचं उत्तर असं, की एवढा फरक चालतो. अहो, तुमचं चालतं. माझ्या बावीस कॅसेट चुकीच्या वेगाने उतरवून झाल्या होत्या त्याचं काय? त्या ऑडॅसिटीत वेग कमी करून एकेक दुरुस्त केल्या. दोन रविवार गेले. पैशापेक्षा हे जास्त लागलं.

दुरुस्त केलेलं गाणं मोठ्या उत्साहाने ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले. एका वहिनींनी लिहिलं, "पहिलंच गोड होतं, हे जरा ओढल्यासारखं वाटतंय." भाच्याची माफी कुणी मागितली नाही. मावसभावाने तर पळता आवाज रिंगटोन करून टाकलाय. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' नाव दिलं ते आजार म्हणूनच, हे मी तिथे लिहिणार होतो. टाइप केलं, पुसलं.

शेवटी मावशीलाच दोन्ही ऐकवली. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. दुरुस्त केलेलं ऐकताना ती म्हणाली, "ही कोण? आवाज जाड आहे गं बाईचा." पळत्या आवाजावर मान डोलावली. आता दोन्ही फाइली ठेवल्यात.

घ्यायचाच असेल तर बारीक स्क्रू-ड्रायव्हर जवळ ठेवा. माझ्या प्लेअरमध्ये मोटरच्या मागे एक छोटं भोक आहे आणि आत वेगाचा स्क्रू. अगदी केसभर फिरवायचा, की पुन्हा गाणं लावून घड्याळ बघायचं. मला सात खेपा लागल्या. वॉरंटीचं स्टिकर नेमकं त्याच भोकावर चिकटवलेलं आहे.