ओल्ड-टाइम संगीत कुठे ऐकावं: जॅममध्ये, पडद्यावर की रेकॉर्डवर?

व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजोवर नाचासाठी वाजवलं जाणारं जुनं संगीत म्हणजे ओल्ड-टाइम. पुढे १९४० च्या दशकात त्यातून ब्लूग्रास निघालं आणि जगभर तेच जास्त गाजलं, त्यामुळे नवख्या श्रोत्याची दोन्हींत गल्लत होते. ब्लूग्रासमध्ये वादक आळीपाळीने पुढे येऊन आपलं कसब दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये सगळे मिळून एकच धून वाजवतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. ही पुनरावृत्ती प्रत्यक्ष वादनात एक रूप घेते, चित्रपटात दुसरं आणि रेकॉर्डवर तिसरं. म्हणून वेळ आणि पैसा कशावर घालवायचा हे ठरवताना आधी तेवढंच तपासावं.

धून किती वेळ चालते

नेहमीची फिडल-धून दोन भागांची असते, प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं माप). दोन्ही भाग दोन-दोनदा वाजवले की ३२ बारची एक फेरी होते. बारला दोन ठोके धरले तर फेरीचे ६४ ठोके. स्क्वेअर डान्सला मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांची गती लागते, म्हणजे एक फेरी ३२ ते ३५ सेकंदांत संपते.

आता दहा इंची ७८ ची (मिनिटाला ७८ वेळा फिरणारी) रेकॉर्ड घ्या. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. त्यात पाच-साडेपाच फेऱ्या बसतात, आणि मध्ये गाण्याची कडवी असतील तर त्याहूनही कमी. नाचाचा एक सेट मात्र दहा-दहा मिनिटं चालतो, आणि वादक गोलात बसून वाजवतात त्या जॅममध्येही एक धून तितका वेळ सहज टिकते. म्हणजे सतरा-अठरा फेऱ्या. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत लोक धून शोधत असतात. सहाव्या-सातव्या फेरीच्या आसपास बँजोचा ठोका आणि फिडलचा गज एकमेकांत बसतो, आणि मग फिडलवादक गजाचे झटके किंचित बदलू लागतो. बदल इतके बारीक असतात की आधीच्या फेऱ्या कानात मुरल्याशिवाय ते कळतच नाहीत. संपवायची वेळ झाली की फिडलवादक पाय उचलतो किंवा मान हलवतो, आणि सगळे एकदम थांबतात.

रेकॉर्ड थांबते ती नेमकी हे सगळं सुरू व्हायच्या सुमाराला. माहितीपटात तर धून बहुधा एका मिनिटाच्या आत कापली जाते आणि तिच्यावर मुलाखत चढते. रंगमंचावरचा ठरीव कार्यक्रमही याबाबतीत रेकॉर्डच्याच जवळचा आहे: दोन-तीन मिनिटांची धून, टाळ्या, पुढची धून. म्हणून 'प्रत्यक्ष ऐकणं' हा एकच पर्याय मानू नये. सभागृहातली मैफल आणि मैदानातला जॅम या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासाचा खर्च करायचाच असेल तर तो जॅमसाठी करावा.

प्रत्यक्ष: कुठे जायचं

वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉप इथे कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हरच्या आवारात जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर अ‍ॅपलाचियन स्ट्रिंग बँड फेस्टिव्हल भरतो. तिथे स्पर्धा असतात, पण लोक येतात ते तंबूंमधल्या जॅमसाठी. व्हर्जिनियातल्या गेलॅक्सचं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन, म्हणजे वादकांचा स्पर्धा-मेळावा, १९३५ मध्ये सुरू झालं. ते ऑगस्टमध्ये फेल्ट्स पार्कात होतं. तिथे ब्लूग्रासही भरपूर असतं आणि मंचावर स्पर्धकांची रांग तासन्‌तास चालते. मंचासमोर खुर्ची टाकून बसणाऱ्याला कंटाळा येतो. वाहनतळ आणि तंबूंच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला येत नाही. नॉर्थ कॅरोलायनात माउंट एअरीचं कन्व्हेन्शन जूनच्या सुरुवातीला असतं आणि जवळच्या राउंड पीक परिसराची शैली तिथे ठळकपणे ऐकू येते.

आठवडाभर तंबूत राहणं जमणार नसेल तर व्हर्जिनियातच तीन सोपी ठिकाणं आहेत. फ्लॉइड गावच्या फ्लॉइड कंट्री स्टोअरमध्ये शुक्रवारी रात्री नाच असतो. हिल्टन्सच्या कार्टर फॅमिली फोल्डमध्ये शनिवारी रात्री कार्यक्रम होतो, आणि तिथे विजेवरची वाद्यं चालत नाहीत. गेलॅक्सजवळच्या ब्लू रिज म्युझिक सेंटरमध्ये हंगामात दुपारी स्थानिक वादक विनामूल्य वाजवतात. वेळापत्रक दरवर्षी हलतं, त्यामुळे प्रवासाला निघण्यापूर्वी ताज्या तारखा बघाव्यात.

जॅममध्ये उभं कुठे राहायचं यावर निम्मं ऐकणं अवलंबून असतं. बँजोचा आवाज त्याच्या चामड्यासमोर सरळ फेकला जातो, त्यामुळे बँजोच्या तोंडासमोर उभं राहिलं तर दुसरं काही ऐकू येत नाही. फिडलचा आवाज वरच्या दिशेला आणि वादकाच्या उजवीकडे जातो. फिडलवादकाच्या उजव्या खांद्यामागे दोन पावलं अंतर ठेवून उभं राहावं. तिथून गजाचा हातही दिसतो. गोलाच्या आत शिरू नये, वादकांच्या मधोमध फोन धरू नये, ध्वनिमुद्रण करायचं तर धून संपल्यावर विचारून घ्यावं. एका जॅममध्ये बराच वेळ एकच पट्टी चालते, कारण पट्टी बदलली की फिडल आणि बँजो दोन्ही नव्याने जुळवावे लागतात. ए पट्टीच्या धुनींसाठी फिडलच्या तारा ए-ई-ए-ई अशा लावणं सर्रास चालतं. वाद्यजुळणी सुरू झाली की नवखे श्रोते उठून जातात. त्यांनी थांबावं, पुढच्या तासाभराचं संगीत तिथेच तयार होत असतं.

एक व्यावहारिक गोष्ट. उत्तम जॅम बहुतेक रात्री दहानंतर रंगतात. मुक्कामाची खोली मैदानापासून तासभर लांब घेतली तर ते सगळं हुकतं.

पडद्यावर: हात दिसतात, पण कोणाचे?

चित्रपटाचं मोठं बळ म्हणजे हात. ओल्ड-टाइम बँजोच्या क्लॉहॅमर पद्धतीत बोटाचं नख तारेवर वरून खाली आपटतं आणि अंगठा आखूड पाचवी तार छेडतो. जुन्या रेकॉर्डवर बँजो अनेकदा फिडलखाली दबलेला असतो. वादक नख आपटतोय की बोटांनी वर खेचतोय, हे तिथे अनुभवी कानालाही पुष्कळदा सांगता येत नाही. पडद्यावर ते क्षणात दिसतं.

अट एकच: माहितीपट हवा, कथापट नको. 'डेलिव्हरन्स' (१९७२) मधला बँजोचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे, पण पडद्यावरच्या मुलाला बँजो येत नव्हता. दिसणारा डावा हात त्याच्या मागे लपलेल्या दुसऱ्या वादकाचा आहे, आणि ऐकू येणारं वादन एरिक वाइसबर्ग आणि स्टीव्ह मँडेल यांचं. तेही ब्लूग्रासच्या वळणाचं. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) या चित्रपटात जॉर्ज क्लूनीच्या ओठांवरचा आवाज डॅन टिमिन्स्कीचा आहे. चित्रपटाच्या गीतसंग्रहाला २००२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि त्यामुळे असंख्य लोक या संगीताकडे वळले. गाण्यांची आवड लागावी म्हणून तो जरूर पाहावा. वादन कसं चालतं हे समजायला तो उपयोगी नाही.

माहितीपटांत दोन नावं आधी घ्यावीत. जॉन कोहेन यांचा 'द हाय लोन्सम साउंड' (१९६३) हा तीसेक मिनिटांचा कृष्णधवल पट केंटकीतल्या रॉस्को हॉलकॉम्ब या गायक-बँजोवादकाभोवती फिरतो. बेकारी, चर्च, घराचा व्हरांडा आणि गाणं त्यात एकत्र दिसतात, आणि हॉलकॉम्बचा तो ताणलेला उंच आवाज कुठल्या जगण्यातून आला ते समजतं. दुसरा लेस ब्लँक यांचा 'स्प्राउट विंग्ज अँड फ्लाय' (१९८३), नॉर्थ कॅरोलायनातल्या टोस्ट इथल्या टॉमी जॅरलवरचा. जॅरल (१९०१–१९८५) राउंड पीक शैलीचे फिडल आणि बँजोवादक. त्यांचा गज पाहिल्यावर त्यांच्या रेकॉर्ड नव्याने ऐकू येतात, इतका फरक पडतो.

तोडलेल्या धुनींवरही उपाय आहे. लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९७८ ते १९८५ च्या दरम्यान दक्षिणेत केलेल्या चित्रीकरणाचे मूळ, न जोडलेले तुकडे त्यांच्या संग्रहाच्या यूट्यूब वाहिनीवर आहेत. त्यांत धून पुष्कळदा पूर्ण मिळते. फोकस्ट्रीम्स या संकेतस्थळावर अमेरिकी लोकसंस्कृतीवरचे माहितीपट विनामूल्य पाहता येतात. शिकणाऱ्याने गती ०.७५ वर ठेवून फक्त गजाच्या हाताकडे बघावं, डाव्या हाताकडे नंतर. सूर कानाने सापडतात, गजाची दिशा सापडत नाही.

रेकॉर्ड: सर्वांत मोठा खजिना, सर्वांत जास्त खाचखळगे

गेलेल्या जुन्या पिढ्यांचं वादन बहुतेक फक्त इथे आहे. एक (Eck) रॉबर्टसन यांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्कला व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी फिडल वाजवलं, फिडलिन जॉन कार्सन यांचं ध्वनिमुद्रण जून १९२३ मध्ये अटलांटात झालं. १९२७ च्या २५ जुलै ते ५ ऑगस्ट या दिवसांत व्हिक्टरसाठी काम करणाऱ्या राल्फ पीअर यांनी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टलमध्ये १९ कलाकार वा संचांची ७६ गाणी मुद्रित केली; कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स तिथूनच पुढे आले.

आवाजाच्या दृष्टीने १९२५ ही सीमारेषा आहे. त्याआधी वादक कर्ण्यासमोर वाजवत. फिडल बऱ्यापैकी येई, गिटार आणि खर्ज हरवत. त्यानंतर मायक्रोफोन आला. म्हणून नवख्याने १९२२ पासून क्रमाने न जाता १९२७ ते १९३० मधल्या मुद्रणांपासून सुरुवात करावी. हॅरी स्मिथ यांनी संकलित केलेली आणि फोकवेज कंपनीने १९५२ मध्ये काढलेली 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' बरीचशी याच काळातली आहे: ८४ मुद्रणं, तीन भाग. त्यातला दुसरा भाग नाचाच्या आणि धार्मिक संगीताचा आहे, ओल्ड-टाइमसाठी तो आधी ऐकावा. १९९७ च्या सीडी आवृत्तीसोबत टिपणांची पुस्तिका मिळते. नुसत्या ऑनलाइन फायली ऐकल्या तर ती हातची जाते.

मूळ ७८ च्या रेकॉर्ड जमवाव्यात का? ऐकण्यासाठी नाही, असं स्पष्ट सांगतो. त्यांना सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई ०.७ ते १ मिलची असते. ती ७८ च्या खाचेच्या तळाशी घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुई झिजते. फिरण्याची गतीही नेमकी ७८ असेलच असं नाही, त्यामुळे सूर चढतो किंवा उतरतो. त्यावर या रेकॉर्डचं द्रव्य शेलॅक, म्हणजे लाख, ठिसूळ, आणि अल्कोहोलने पुसलं तर विरघळणारं. हे काम जाणकारांच्या प्रतींवर सोडावं.

त्या प्रतीही तपासून घ्याव्यात. खरखर पूर्ण नाहीशी केलेली प्रत बहुधा वाईट असते, कारण गाळणी लावताना फिडलचे वरचे स्वरांशही जातात. धुनीच्या सुरुवातीला गज तारेला टेकतो तो खरबरीत क्षण ऐकू येतो का, ते बघावं. फिडल बासरीसारखं गुळगुळीत वाटलं तर दुसरी प्रत शोधावी.

तीन मिनिटांची कैद नको असेल तर घरी जाऊन टेपवर केलेली मुद्रणं घ्यावीत. अ‍ॅलन जॅबोर यांनी १९६६-६७ मध्ये व्हर्जिनियातल्या हेन्री रीड (१८८४–१९६८) यांचं वादन टेप केलं. त्यातली १८४ मुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, टिपणांसह. एका माणसाकडे किती धुनी असू शकतात याचा अंदाज त्यावरून येतो. अमेरिकी कायद्याने १९२३ पूर्वीची मुद्रणं १ जानेवारी २०२२ ला खुली झाली. १९२३ ते १९४६ मधली प्रकाशनाच्या वर्षानंतर शंभर वर्षांनी, दर १ जानेवारीला एकेका वर्षाची, खुली होत आहेत.

रेकॉर्डवर कोण नाही

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १९२० च्या दशकात कंपन्यांनी वर्णाप्रमाणे वेगळ्या मालिका काढल्या: गोऱ्यांसाठी 'हिलबिली', काळ्यांसाठी 'रेस'. काळ्या वादकांकडून ब्लूज आणि धार्मिक गाणी मागितली गेली, फिडल-बँजोच्या धुनी फार थोड्या मुद्रित झाल्या. बँजो मुळात आफ्रिकी वारशाचं वाद्य, तरी नुसत्या जुन्या रेकॉर्ड ऐकणाऱ्याला ओल्ड-टाइम हे गोऱ्यांचंच संगीत वाटतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबेनजवळचे काळे फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८–२०१२) यांच्याकडे बसून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा संच शिकला, आणि त्यांच्या कार्यक्रमांतून ती परंपरा पुन्हा लोकांसमोर आली. या एका बाबतीत मंचावरची मैफल जुन्या रेकॉर्डपेक्षा खरं चित्र देते.

मग निवड कशी करायची

फक्त ऐकायचं असेल आणि प्रवास शक्य नसेल, तर आधी जॅरलवरचा माहितीपट, मग त्यांची मुद्रणं, मग १९२७-३० ची ७८ ची गाणी. क्रम उलटा केला तर खरखरीमागचं वादन कळायच्या आतच बरेच जण सोडून देतात. वाद्य शिकायचं असेल तर न जोडलेलं चित्रीकरण पहिलं, हेन्री रीडसारख्या टेप दुसऱ्या, आणि सहा-आठ महिन्यांनी एखादा जॅम. नाचायला आवडत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून फ्लॉइड किंवा हिल्टन्स गाठावं.

कुठल्याही वाटेने गेलात तरी वही ठेवा. एकाच धुनीला दरीगणिक निराळं नाव असतं आणि एकाच नावाच्या दोन वेगळ्या धुनीही असतात. नावाबरोबर वादक, गाव, वर्ष, पट्टी आणि तारांची जुळणी लिहून ठेवली तरच तीच धून पुढे दुसरीकडे ओळखता येते.